एकतिसावा भाग

गुरुवारी माझं दुकान साडेसहाला बंद होतं,
पण हे तिघं आले की आठ वाजतात.
मुकोहारा पोस्टात आहे.
किजिमा-सेन्सेई रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले.
आणि ताझावा, कवळ्या बनवणारी पोरगी,
मालिका संपल्यावर वीस वर्षांनी जन्मली,
तरी भांडते अशी की जणू चित्रीकरणाला डबे हिनंच पोचवले.

चिचिबूच्या या अंगाला चुनखडीचा डोंगर अर्धा खाल्लेला आहे.
सिमेंटवाल्यांनी खाल्ला, असं गाव म्हणतं.
तेत्सुराननं, असं हे तिघं म्हणतात.
त्या खाणीत आठवड्याला एक राक्षस मरायचा,
आणि आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या.

आज विषय कुसाकाबे.
पहिल्या मालिकेत तो नायक.
सात वर्षांनी दुसरीत शत्रूचा सेनापती, तोंडाला चंदेरी रंग.
पुढे एकीत बेकरीवाला, जो पाव देतो आणि मरतो.
मग कुणाचा तरी बाप. मग कुणाचा तरी आजोबा.
"तो परत येतो ना," ताझावा म्हणते,
"तेव्हा वाटतं, आधीचं सगळं त्याला आठवत असणार."
"नटाला की पात्राला?"
"पावाला," मुकोहारा म्हणतो.
मीही हसते. कप पुसत.

मग सेन्सेई गंभीर होतात आणि मला कळतं, आता एकतीस.
एकतिसावा भाग, खेकडा-राक्षस.
कुसाकाबेची आजवरची सर्वांत भिकार लाथ.
रूप बदलण्याआधीची, उघड्या तोंडाची झटापट,
आणि लाथ अशी की जणू दार हळूच लोटतोय,
आत बाळ झोपलंय.
"प्यायलेला होता," मुकोहारा.
"कंटाळलेला," सेन्सेई.
"आणि खेकडाही बघा की," ताझावा म्हणाली,
"उबुकातांचा खेकडा डावा पाय आधी टाकतो. तीसमध्ये डावा. इथे उजवा."

उबुकाता माझा भाऊ.
लग्नानंतर माझं आडनाव बदललं, म्हणून यांना ठाऊक नाही.
आदल्या रात्री सायकलवरून पडून घोटा मोडून घेतला त्यानं,
आणि सांगितलं असतं तर दुसरा माणूस आला असता,
आणि दुसरा माणूस आला की तोच राहतो.
अंगकाठी आमची सारखी. मी एकोणीस वर्षांची, सूतगिरणीत.
आत रबर, सरस, त्याच्या सिगारेटी.
बघायला गळ्यापाशी दोन चिरा.
त्या चिरांतून मला कुसाकाबेचे बूट दिसले, मग गुडघा,
मग तो जवळ आला आणि थबकला.
माझा श्वास ऐकला असावा त्यानं.
दिग्दर्शक ओरडला, लाथ!
आणि त्यानं ती लाथ मारली.
खाली वाकून, ओठ न हलवता म्हणाला, "लागलं नाही ना?"
राक्षस मान हलवत नसतात. मी हलवली.
चित्रफितीत दिसतं ते. सगळ्यांना वाटतं, वेदना.

पंचेचाळीस वर्षं त्या लाथेसाठी त्याला हसतात.
भाऊ जाऊन सहा वर्षं झाली, आता कुणाची नोकरी जाणार?
तरी तोंडाशी आलं ते वेगळंच.
"जमीन ओली होती," मी म्हणाले.
तिघांच्या माना वळल्या.
"रात्री पाऊस झाला होता. ओला चुना म्हणजे साबण. पाय जपूनच टाकावा लागतो."
सेन्सेईंनी विचार केला, मान डोलावली. शास्त्राला धरून होतं.
मुकोहारानं वही काढली: जमीन ओली. कुसाकाबे निर्दोष.
खरं तर धूळ इतकी होती
की तीन दिवस माझ्या भातात चुना लागत होता.

पैसे मोजताना ताझावा थांबली.
काउंटरमागची वाट अरुंद आहे, मी तिथून तिरकीच चालते.
"मालकीणबाई," ती म्हणाली.
मग म्हणाली, "काही नाही."

पुढच्या गुरुवारी ती बत्तिसावा आणणार आहे.
आणू दे.
बत्तिसाव्यात खेकडा नाही.